मोठ्या घराचा आठवडा

सुट्टीघरात राहण्यासाठी घेतलेले पॉइंट आधीच संपलेत हे कळलं तेव्हा मिस्त्री पेन उघडून बसले होते. कंपनीची मुलगी तारीख सांगेल आणि आपण ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू, एवढाच त्यांचा बेत होता. फोन स्पीकरवर होता. टेबलाभोवती थोरली, धाकटा आणि त्यांची मावशी बसली होती.

"हस्तांतर पूर्ण झालंय सर. खातं आता तुमच्या नावावर आहे," मुलगी म्हणाली. "पण मॅडमनी शेवटी जे पॉइंट विकत घेतले होते ना, त्यातले या वर्षीचे शिल्लक नाहीत. पुढच्या वर्षीचेही नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"आधीच्या मालकांनी उचललेत. पुढचे पॉइंट आगाऊ वापरता येतात, तसा नियम आहे. तुमचे सुरू होतील ते तिसऱ्या वर्षापासून."

मिस्त्रींनी पेनाला टोपण लावलं. त्यांची सगळी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत गेली होती. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाशी बाहेरून ज्या आवाजात बोलायचं, त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "बरं. मग सरोवरावरचं मोठं घर?"

"ते नाही मिळणार सर. तुमच्या जुन्या पॉइंटांवर दोन खोल्यांचं मिळेल."

"पैसे भरले तर?"

"ते घर आम्ही पैशांवर देतच नाही. फक्त पॉइंटवर."

फोन ठेवला. मावशीने उगाच टेबल पुसायला घेतलं.

सरोवरावरचं मोठं घर म्हणजे सहा खोल्या आणि मधे दिवाणखाना. त्या घरात एक आठवडा, सगळी माणसं एका छपराखाली, हे मिस्त्रींच्या बायकोचं ठरलेलं होतं. ती गेली तरी ते ठरलेलंच राहिलं होतं. वर्ष संपायच्या आत थोरली नवरा आणि मुलींना घेऊन नोकरीसाठी समुद्रापलीकडे जाणार होती. परत कधी, ते तिलाही सांगता येत नव्हतं. आठवडा व्हायचा तर तो त्याआधीच व्हायला हवा होता. बायको गेल्यापासून मिस्त्रींनी दुसरं काही मागितलं नव्हतं.

बायको पडदे शिवायची. घरोघरी, मग दुकानांचे, मग हॉटेलांचे. सगळे तिला पडदेवालीच म्हणायचे. एकदा या सुट्टीघरांच्या कंपनीचं काम मिळालं आणि गळ्यात टेप अडकवून ती त्यांच्या खोल्या मोजून आली. घरी येऊन म्हणाली, "मिस्त्री, तिथं झोपायचंय मला. नुसतं मोजायचं नाही." कंपनीकडून नवे पॉइंट घेण्याची ऐपत नव्हती. मग तिला कळलं की ज्यांना आपले पॉइंट नकोसे होतात ते स्वस्तात विकून टाकतात. कुणाचे गुडघे गेलेले असतात, कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाला दरवर्षीचा देखभालीचा खर्च झेपेनासा होतो. शिलाईच्या पैशातून ती असे थोडे थोडे पॉइंट गोळा करत गेली. थोरली हसायची, सेकंडहँड सुट्टी म्हणायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "पॉइंट काय कापड आहे झिजायला?"

शेवटचा लॉट तिने एका दातांच्या डॉक्टरकडून घेतला होता. तो आला की मोठ्या घराएवढे पॉइंट होणार होते. कागद कंपनीत फिरत राहिले आणि मधल्यामधे ती गेली.

"दात काढून पॉइंट विकलेत त्या माणसाने आपल्याला," थोरली म्हणाली. विम्याचे दावे तपासणं हे तिचं काम. माणूस खोटं बोलतोय हे धरूनच तिचा दिवस सुरू व्हायचा. "करारात सरळ लिहिलंय, या वर्षापासूनचे पॉइंट घेणाऱ्याचे. हा फसवणुकीचा मामला आहे. तक्रार करते. सौदा उलटवता येतो."

"उलटवला की पॉइंट गेले," धाकटा म्हणाला. "आईने एवढ्या मेहनतीने घेतलेले."

"तू गप रे बेडक्या. तुला पॉइंट ठेवायचेत, म्हणून तुला सगळं गोड दिसतं."

"आणि तुला पहिल्यापासून विकायचेत. आता आयतं निमित्त मिळालं."

धाकटा पोहायला शिकवायचा, म्हणून बेडक्या. आई गेल्यापासून दोघांचं असंच चाललं होतं. पॉइंटवरून सुरू व्हायचं आणि दवाखान्यात कोण जास्त जागलं यावर जाऊन थांबायचं. मिस्त्रींनी मधे हात धरला, गाड्या थांबवायला धरावा तसा.

"त्या डॉक्टरला फोन तर लाव."

थोरलीने लावला. डॉक्टरच्या मुलाने उचलला. मागे भांड्यांचा आणि पोरांचा आवाज येत होता. "बाबा खाली काठावर गेलेत," तो म्हणाला. "आम्ही सगळे सरोवरावर आलोय, मोठ्या घरात. काही निरोप द्यायचाय का?"

थोरलीने फोन छातीशी धरला आणि सगळ्यांकडे बघितलं. "आपल्याच आठवड्यात बसलेत," ती म्हणाली. मग फोनवर गोड आवाजात, "निरोप नको. आम्हीच येतो उद्या."

फोन बंद झाल्यावर मावशी म्हणाली, "भाओजी, एक सांगू का?"

"सांग."

"शेवटचा मुक्काम असणार हा."

"कसला मुक्काम?"

"अक्काची रीत होती. कुणाकडून पॉइंट घेतले की कागद व्हायच्या आधी त्या माणसाला म्हणायची, एकदा जाऊन या, मग द्या. सगळ्यांना म्हणायची. त्या घटस्फोटवाल्या बाईला, त्या चष्म्याच्या दुकानवाल्याला. हातातून ओढून घेतल्यासारखं नको, म्हणायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी आलात तिथं? दरवर्षी कुठली ना कुठली लिफ्ट अडकलेली." मावशीने फडकं पिळलं. "पण जाऊन या म्हणजे त्या वर्षीचे पॉइंट, बरं का. दोन दोन वर्षांचे उचला असं ती कुणाला म्हणाली नसेल. हा डॉक्टर लबाड निघाला. मी थोरलीच्या बाजूने."

"आत्ता तर तू त्याची वकिली करत होतीस," धाकटा म्हणाला.

"मी अक्काची वकिली करत होते. त्याची नाही."

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या गाडीतून सगळे निघाले. करार तिच्या मांडीखाली होता. रस्ता चढाचा होता आणि मागच्या सीटवर मावशीने डोळे मिटून घेतले होते. मिस्त्रींनी तिथलं फाटक आधी एकदा बघितलं होतं. बायकोला सोडायला आले होते आणि तिथूनच मागे फिरले होते, कारण एका इस्पितळाची लिफ्ट बंद होती. फाटकाच्या आत काय आहे ते त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

आत रस्ता वळला आणि पाणी दिसलं. धाकट्याच्या तोंडून हूं एवढंच निघालं. मोठं घर उतारावर होतं. दार उघडंच होतं. थोरली करार हातात घेऊन पुढे झाली, तिच्यामागे धाकटा. मिस्त्री चपला काढून आत आले आणि तिथंच थांबले.

समोरची पूर्ण भिंत काचेची होती, दोन मजल्यांएवढी. काचेपलीकडे सरोवर, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना पडदे. छतापासून जमिनीपर्यंत, एकसंध. हे कापड मिस्त्री ओळखत होते. ते अख्खी थंडी त्यांच्या घरात पडलेलं होतं. पलंगावर, खुर्च्यांवर, दारात. त्यावरून पाय टाकून ते कामाला जायचे. एकदा टाचणी पायात गेली तेव्हा बरंच बोलले होते. एवढं कापड लावणार कुठं, असंही त्यांनी विचारलं होतं. "येऊन बघा म्हणजे कळेल," ती म्हणाली होती. त्यांनी मान वर केली. वर केली तरी कापड संपेना. इमारतींच्या पोटातल्या उंच विहिरी त्यांनी जन्मभर बघितल्या, तेल आणि अंधार असलेल्या. उंची अशीही असते, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. चुण्या वरपासून खालपर्यंत सारख्या उतरल्या होत्या आणि उजेड त्यांच्यातून गाळून खाली येत होता. आमच्या त्या दोन खोल्यांत बसून तिने हे केलं, त्यांना वाटलं. पूर्ण पसरून बघायलासुद्धा जागा नव्हती तिला. हे एवढं सगळं तिला न बघताच दिसत होतं.

"तुम्ही कुणाचे?"

काचेजवळच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, मांडीवर शाल. मिस्त्रींनी मागे बघितलं, आपल्यालाच विचारतायत ना म्हणून.

"पडदेवालीचा," ते म्हणाले.

"मग बसा ना."

ते बसले. खोलीत माणसंच माणसं होती. मुलगे, सुना, जावई, नातवंडं, कुणी केळी सोलत होतं, कुणी पत्ते वाटत होतं. दर थोड्या वेळाने कुणीतरी खुर्चीशी यायचं. "आजी, मी कोण?" बाई बघत राहायच्या. मग कधी बरोबर सांगायच्या, कधी चुकायच्या. बरोबर आलं की अख्ख्या खोलीत हसू पसरायचं. चुकलं तर आलेला आपलं नाव सांगून जायचा, जसं काही पहिल्यांदाच सांगतोय.

डॉक्टर काठावरून वर आले. उंच, वाकलेला माणूस, ओले पाय. थोरलीने करार पुढे केला. "या वर्षापासूनचे पॉइंट आमचे, असं यात लिहिलंय. सही तुमची आहे."

"माझीच आहे," डॉक्टर म्हणाले. "बसा. पडदेवाल्या बाई नाही आल्या?"

थोरलीचा करार धरलेला हात खाली आला. शेवटी मिस्त्रींनी सांगितलं. डॉक्टर ओल्या पायांनी तसेच उभे राहिले. मग त्यांनी बायकोच्या खुर्चीची पाठ धरली.

"मला कुणी कळवलं नाही. मी सारखा म्हणत होतो, बाईंना फोन करायचा, फोटो पाठवायचे." ते थांबले. "त्या घरी आल्या होत्या, पॉइंटचं बोलायला. दार हिने उघडलं. कोण तुम्ही, म्हणाली. बाईंनी सांगितलं. चहा होईपर्यंत हिने पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, तसंच, हसून. तिसऱ्यांदाही सांगितलं. माझा मुलगासुद्धा तिसऱ्यांदा चिडतो. मग मला म्हणाल्या, डॉक्टर, तुमची माणसं किती? मी म्हटलं, खूप आहेत, पण एका वेळी येत नाहीत. तर म्हणाल्या, ही ओळखतेय तोवर सगळ्यांना गोळा करा. मोठं घर घ्या."

"आणि दोन वर्षांचे पॉइंट?" थोरलीने विचारलं.

"मोठ्या घराला माझे एका वर्षाचे पुरत नव्हते. मी तेच म्हटलं. बाई म्हणाल्या, पुढचे उचला. मी म्हटलं, अहो ते तुमचे होणार आता. तर म्हणाल्या, माझी माणसं मला ओळखतात. आमचं थांबू शकतं."

"याला पुरावा काय?"

"काही नाही. शब्दावर चाललं सगळं. तुम्ही म्हणाल तर सौदा उलटवू, पैसे परत करतो. चूक कागदावर माझीच आहे. मी आधी कागद बदलून घ्यायला हवा होता."

मावशी पुढे सरकली. "कधी आली होती ती तुमच्याकडे? दिवस आठवतो?"

"दिवस नाही आठवत. पण बाई दवाखान्यातून थेट आल्या होत्या. कोपराच्या खोबणीत कापूस चिकटवलेला होता. मी डॉक्टर माणूस, दातांचा का असेना, नजर जातेच. विचारलं, तर म्हणाल्या, तपासणीचा निकाल घ्यायला गेले होते, आणि पुन्हा रक्त घेतलं."

मिस्त्रींना तो दिवस माहीत होता. त्या दिवशी ती उशिरा घरी आली होती. ते पलंगावर तिने हातात दिलेला निकालाचा कागद उलटासुलटा करत बसले होते, ती स्वयंपाकघरात गेली होती आणि म्हणाली होती, एका ठिकाणी काम होतं, वाटेत उतरले. कसलं काम ते त्यांनी विचारलं नाही. विचारण्यासारखा दिवसच नव्हता.

"तिला माहीत होतं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज एकदम चढला. इतके दिवस आईची बाजू घेणारा तो. "आमचं थांबू शकतं म्हणाली? थांबणार नाही हे तिला माहीत होतं. ताई जाणार हे माहीत होतं. आमचा आठवडा उचलून तिने परक्यांना दिला आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही."

"हळू बोल," थोरली म्हणाली.

"का हळू? तू काल फसवणूक म्हणत होतीस. फसवणूक यांनी नाही केली. तिने केली, आपली."

पत्ते वाटणारे हात थांबले. धाकट्याने शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि दारातून उतारावर निघून गेला. जरा वेळाने पाण्यात उडी मारल्याचा आवाज आला.

थोरली उभीच होती. करार तिने दुमडला, पुन्हा दुमडला. मग खुर्चीतल्या बाईंनी तिचा हात धरला आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

थोरलीने वडिलांकडे बघितलं. "पडदेवालीची," ती म्हणाली.

"ती छान आहे," बाई म्हणाल्या. "किती वेळा विचारलं तरी रागवत नाही."

डॉक्टरांनी तोंडावर हात धरला. हिला आज सकाळी आपल्या मुलाचं नाव आठवलं नव्हतं, ते नंतर मिस्त्रींना म्हणाले. आणि आज तुम्ही येईपर्यंत दोन महिने हिच्यासमोर कुणी पडदेवालीचं नावही काढलं नव्हतं.

थोरली बाईंच्या पायाशी जमिनीवर बसली, पडद्याला पाठ टेकून. मग बोलली, वर न बघता. "मी रोज बघते बाबा. मेलेल्या माणसाच्या नावावर काय निघतं ते मागायला येतात. सख्खी माणसं येतात, खोटं बोलतात. जाणारं माणूस स्वतःचं असं सोडून जातं, हे मी पहिल्यांदा बघतेय." मग म्हणाली, "मला तिचा राग आलाय. पण तक्रार मी नाही करणार."

"ठरलं?" मावशीने विचारलं.

"तू कुणाच्या बाजूने आहेस ते आधी सांग."

"मी तुझ्याच बाजूने होते आणि आहे," मावशी म्हणाली. "तू बाजू बदललीस म्हणून मला हलावं लागलं."

डॉक्टरांच्या सुनेने सगळ्यांना जेवायला बसवलं. नको म्हणायला कुणाला सुचलं नाही. मिस्त्रींनी ताट घेतलं आणि काचेसमोर उभ्या उभ्याच जेवले. खाली धाकटा पाण्यातून बाहेर येऊन लाकडी धक्क्यावर बसला होता. थोरली टॉवेल घेऊन उतारावरून गेली. तिने टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि शेजारी बसली. काय बोलले ते वर ऐकू येत नव्हतं. एकदा धाकट्याने हात झटकले, एकदा थोरलीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग दोघं तसेच पाण्यात पाय सोडून बसून राहिले. मिस्त्रींना उगाच वाटलं, ती जवळ असती तर म्हणाली असती, बघा, दोन माणसांनाच एवढी जागा लागते.

असं ती म्हणाली असती का, तेही त्यांना खात्रीने सांगता आलं नसतं. आपल्याला तिची सगळी माहिती आहे असं ते कालपर्यंत धरून चालले होते. चहात साखर किती, कुठल्या कुशीवर झोपते, कुठल्या सणकेला काय बोलते. मरणाचा कागद पर्समध्ये घेऊन ती एका अनोळखी बाईला तीन वेळा आपलं नाव सांगत बसली होती, आणि घरी येऊन तिने भात लावला होता. मिस्त्री पडद्याजवळ गेले. कापड हातात घेतलं. खालची दुमड त्यांनी अंगठ्याखालून सरकवत नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाका कुठे चुकलेला सापडला नाही. चुकलेला असता तरी त्यांना ओळखता आला नसता.

"राहा आजची रात्र," डॉक्टर मागून म्हणाले. "एक खोली रिकामी करून देतो."

"नको. हा तुमचा आठवडा आहे."

"तुमचाच आहे खरा."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तिने तुम्हाला दिलाय. दिलेलं मी परत घेणारा कोण?"

निघताना खुर्चीतल्या बाईंनी पुन्हा विचारलं, तुम्ही कुणाचे. मिस्त्रींनी पुन्हा सांगितलं. घाई न करता सांगितलं.

परतीच्या वाटेवर गाडी धाकट्याने चालवली. त्याचे केस अजून ओले होते. मग त्यानेच विचारलं, "तिसऱ्या वर्षी पॉइंट येतात ना? मग विकायचे की ठेवायचे?"

"ठेव," थोरली म्हणाली. "देखभालीतला माझा वाटा मी तिकडून पाठवत जाईन."

"आणि तू येशील?"

थोरली खिडकीबाहेर बघत राहिली. "सुट्टी मिळाली तर. मुलींच्या शाळेवर आहे. नवऱ्याच्या कामावर आहे."

"म्हणजे नाही."

"म्हणजे माहीत नाही रे बेडक्या. खोटं कशाला सांगू?"

मागे मिस्त्री मावशीशेजारी बसले होते. खोटं कशाला सांगू, हे त्यांना बरं वाटलं, आणि लागलंही. दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. तीच मुलगी होती. तिसऱ्या वर्षीचा एक आठवडा हवाय म्हणाले, मोठं घर. मुलगी म्हणाली, एवढ्या आधी तारीख घेता येत नाही सर, अकरा महिने आधी नोंदणी उघडते, तेव्हा करा.

तक्रार केली नाही आणि पॉइंट विकले नाहीत, एवढं झालं. मोठ्या घराची नोंदणी व्हायची आहे. थोरलीने विमानाची तिकिटं काढली आहेत, ती जाण्याची. येण्याची काढायची राहिली आहेत.